दोन बशा सावलीत

सलग नवव्या दिवशी स्वरांगीच्या कपाळावरचा दिवा नारिंगी होता. वर्गातले बाकीचे बावीस दिवे हिरवे होते आणि मी मेटाकुटीला आले होते.

पट्टीचं नाव ‘उमज’. दोन बोटं रुंदीची, कपाळाला बांधायची, मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. गेल्या चार वर्षांत ती राज्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेत पोचली. हिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कपाळाच्या हाडातून आत शिरतो. मेंदूचा जो भाग कामाला लागलेला असतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि प्राणवायूनं भरलेलं रक्त तो प्रकाश वेगळ्या प्रमाणात परत पाठवतं. एवढ्यावरून मूल अजून चाचपडतंय की त्याची खात्री पटलीय, हे पट्टीला समजतं. चाचपडत असेल तर दिवा पांढरा.

पण खात्री कशाची पटली हे रक्ताला विचारून कळत नाही. म्हणून पट्टी मुलाचं बोलणंही ऐकते आणि ते एका यादीशी ताडून बघते. यादी आहे मुलांच्या गैरसमजांची. जड वस्तू आधी पडते, झाडं माती खाऊन वाढतात, हिवाळ्यात सूर्य लांब जातो, असे चारशेच्या वर. मुलाची खात्री पटलेली असेल आणि त्याचं म्हणणं यादीत सापडलं नाही, तर दिवा हिरवा. सापडलं, तर नारिंगी. मग माझ्या टॅबवर नोंद क्रमांक येतो, आणि त्या गैरसमजावर कुठला प्रयोग करून घ्यायचा तेही येतं.

स्वरांगीची नोंद होती दोनशे चौदा. ‘रंगीत पाणी लवकर आटते.’ खाली बारीक अक्षरात: ‘स्रोत: मोहिते, जि. प. शाळा.’

मोहिते म्हणजे मीच. पहिल्या दिवशी ते नाव वाचून मी फुशारले होते, खोटं कशाला सांगू.

मी मूळची कऱ्हाडकडची. नोकरी लागली ती खाडीकाठच्या या गावात, जिथे गावाला लागून मिठागरं आहेत आणि निम्म्या घरांचा धंदा मिठाचा. तेव्हा ज्ञानरचनावादाचे दिवस होते. शाळेच्या फरशीवर आम्ही ऑइलपेंटनं वर्तुळं आणि फुलपाखरं रंगवली होती, आणि मुलं त्यात गोल करून बसायची. मूल कोरी पाटी घेऊन येत नाही, आपल्या अनुभवातून काहीतरी जुळवूनच येतं; ते आधी विचारा, मग त्याच्याच हातानं करून बघू द्या, हे मला मनापासून पटलं होतं. इतकं, की घरी नवऱ्यानं चहात साखर कमी पडली म्हटलं तरी मी त्याला, कशावरून, असं विचारायचे.

त्या वेळी माझ्या वर्गात हर्षाली नावाची मुलगी होती. तिचे वडील हसुराम गावातले जुने मीठवाले. बाष्पीभवनाच्या धड्याला हर्षाली म्हणाली, की आगरातलं लाल पाणी साध्या पाण्यापेक्षा लवकर आटतं, तिचे वडील तसं सांगतात. मला आनंदाचं भरतं आलं. गैरसमज असा समोरून चालत येणं म्हणजे रचनावादी शिक्षकाची दिवाळीच. मी तिच्याच हातानं प्रयोग करवला. दोन सारख्या बशा, सारखं पाणी, एका बशीत खायचा लाल रंग. दोन दिवसांनी दोन्ही बशा एकाच वेळी कोरड्या झाल्या. हर्षालीनं मान डोलावली. पुढे गैरसमजांची यादी करायला राज्यभरातून अनुभव मागवले तेव्हा मी हा पाठवला, आणि त्यावर मला जिल्ह्याचा पुरस्कारही मिळाला.

त्याला बावीस वर्षं झाली. बदल्या होत होत दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा याच शाळेत आले. फरशीवरची फुलपाखरं पुसट झालीत. आणि स्वरांगी ही त्या हर्षालीची मुलगी.

तिच्याकडून मी नोंदीत लिहिल्याबरहुकूम प्रयोग करून घेतला. व्हरांड्यात दोन बशा. दोन दिवसांनी दोन्ही कोरड्या. सगळा वर्ग हिरवा, ही नारिंगी. पुन्हा केला, पुन्हा तेच.

तिचं वागणं उर्मटपणाचं अजिबात नव्हतं. उलट ती बिचारी रडकुंडीला आली होती. बशा सारख्या वाळल्या हे मला दिसतंय, असं ती म्हणायची; पण आजोबांबरोबर आगरात जाऊन तिनं जे पाहिलं होतं तेही तिला विसरता येत नव्हतं. शेजारशेजारचे दोन वाफे, खारेपणा सारखा, त्यातला एक आपोआप लाल झाला की त्यात मीठ आधी धरतं. हे तिनं एकदा नाही, तीन उन्हाळे पाहिलं होतं.

नवव्या दिवशी तिनं विचारलं, “बाई, बशा सावलीत का ठेवल्या?”

मी म्हटलं, “तसं लिहिलंय म्हणून.”

म्हणून मोकळी झाले आणि पुढचा धडा घेतला. उभ्या नोकरीत जे उत्तर मुलांना द्यायचं नाही अशी मी शपथ घेतली होती, तेच तोंडातून गेलं, आणि मला ते लक्षातसुद्धा आलं नाही.

दहाव्या दिवशी केंद्रप्रमुख खैरनार सरांचा फोन आला. माणूस सज्जन, पण त्यांच्या पडद्यावर बारा शाळांचे दिवे असतात आणि त्यांना ते सगळे हिरवे आवडतात. त्यांनी नियमाची आठवण करून दिली. एकच नोंद पंधरा दिवस नारिंगी राहिली तर मुलाच्या पुस्तिकेत ‘अवरोध’ असा शेरा जातो, मूल वर्षभर उपचारवर्गात बसतं, आणि विज्ञानाच्या निवासी शाळेसाठी त्याचं नाव धरलं जात नाही. माझ्या वर्गातून त्या शाळेसाठी एकच नाव जाण्याजोगं होतं, आणि ते स्वरांगीचं होतं. पालकांना सूचना आपोआप गेली आहे, असंही ते म्हणाले.

सूचना पोचली होतीच. मधल्या सुट्टीत हर्षाली आली. पायाला आगरातला चिखल तसाच, हातात मोबाइल. लहानपणी वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी मुलगी. आता चौतिशीची, आठ वर्षं स्वतःचे वाफे चालवणारी बाई. मला वाटलं भांडायला आली. पण ती आली होती माझी बाजू घ्यायला.

“बाई, तिचे डोक्यान आज्यानं भरवलंय ते,” ती म्हणाली. “मी सांगितलंय तिला. बाईंनी मना माझे हातान करून दाखवलंय, दोन्ही बशा एकदम सुकल्या.”

स्वरांगी खाली मान घालून उभी होती. आईनं तिला सांगून पाहिलं, की बाई सांगतात तसं म्हण आणि मोकळी हो. ती म्हणाली, म्हटलंय मी, दिवा ऐकत नाही. ते खरंच होतं. आमच्या वेळची मुलं मान डोलावून सुटायची. या पोरीला ती सोय नव्हती. न पटलेलं बोलणं पट्टी धरत नाही; आतली खात्री जिथे होती तिथेच होती, आणि कपाळावर सगळ्यांना दिसत होती.

मी सहज हर्षालीला विचारलं, की हसुरामकाका तुझ्या प्रयोगावर काय म्हणाले होते.

ती जरा घुटमळली. मग सांगितलं. शाळेत असतानाच ती बापाला म्हणाली होती, की तुम्ही सांगता ते खोटं आहे. तो नुसता हसला होता. पण लग्नानंतर स्वतःचे वाफे हातात आले तेव्हा पाणी लाल दिसलं की ती सोडून द्यायची आणि खाडीचं नवीन घ्यायची. लाल पाणी म्हणजे नासलेलं पाणी, आटायला त्याचा काही फायदा नाही, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. बाप बांधावर येऊन सांगायचा, नको सोडू.

“मी बोलली त्याला, तुना काय कळतं, बाईंनी शिकवलंय आमाला. तवापासून बाबा माझे वाफ्यांवर आला नाय. नातीला घेऊन भावाचे आगरान जायचा.” मग म्हणाली, “गेल्या वर्षी गेला.”

ती गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. माझा धडा बावीस वर्षांनी चिखलाच्या पायांनी परत आला होता, आणि तो मला ओळखीचा वाटत नव्हता.

शाळा सुटल्यावर मी टॅबवर नोंद दोनशे चौदा उघडली आणि पहिल्यांदा ती दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखी वाचली. ‘दोन समान बशा घ्याव्यात. समान पाणी घ्यावे. बशा सावलीत ठेवाव्यात.’ का ठेवाव्यात? कारण दिलेलं नव्हतं. मी डोक्याला ताण दिला. आणि आठवलं.

कावळे. बशा अंगणात ठेवल्या होत्या. पोषण आहाराच्या वासानं कावळे आले, एकानं बशीत चोच घातली, दुसऱ्यानं ती पालथी केली. म्हणून मी हर्षालीला म्हटलं होतं, आण त्या व्हरांड्यात. पुढे अहवाल लिहिताना कावळे गाळले, कारण अहवालात कावळे बरे दिसत नाहीत. राहिली फक्त सावली. आणि ती सावली यादीत गेली, आणि तेव्हापासून राज्यातल्या कितीतरी व्हरांड्यांत मुलांनी निमूटपणे बशा सावलीत ठेवल्या.

पाणी आटायला उष्णता लागते. ती उन्हातून येते. स्वच्छ पाण्यातून प्रकाश आरपार जातो. रंगीत पाणी त्यातला काही अडवून स्वतःपाशी ठेवतं. पण अडवायला आधी ऊन तर हवं. सावलीत रंगाला करण्यासारखं काही कामच नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि मला ती कधी सुचली नाही. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला कावळ्यांची गोष्ट सांगितली, माझ्या पुरस्कारासकट. मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातून निरोप आला. स्वरांगी हसली नाही. तिनं विचारलं, “मंग आता उन्हान ठेवायच्या का?”

मी सांगितलं, की प्रयोग तुम्ही ठरवा, मी फक्त कावळे हाकीन.

त्यांनी आगरातून दोन बाटल्या आणल्या, एक लाल पाण्याची आणि एक साध्या खाऱ्या पाण्याची. शाळेतली दोन पांढरी ताटं घेतली, दोन्हींत पाव-पाव लिटर ओतून अंगणात ठेवली. मी छत्री घेऊन कावळ्यांवर पहारा केला. दुपारी ताटं वजनकाट्यावर ठेवली, आणि लाल पाणीच कमी आटलेलं निघालं.

बारा दिवस होत आले होते, आणि मी पोरीला नसत्या आशेला लावलं होतं. पट्टीवाल्यांचं बरोबर, हसुराम चुकीचा आणि मी दोनदा मूर्ख, असं क्षणभर वाटून गेलं.

स्वरांगीनं ताटात बोट बुडवून चाखलं. मग दुसऱ्यात. “लाल पानी जास्त खारट हाय,” ती म्हणाली. निनाद नावाचा मुलगा म्हणाला की मग काय झालं. तिनं सांगितलं, खारट पाणी हळू सुकतं. घामाचे कपडे आणि धुतलेले कपडे बघ.

ते बरोबरच होतं. मीठ पाण्याला धरून ठेवतं, सहजी उडू देत नाही. म्हणजे आम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, रंग आणि खारेपणा. पण खारेपणा सारखा कसा करायचा? जिभेवर भरवसा नको, असं मुलांनीच ठरवलं. अर्धा तास कल्ला झाला. शेवटी निनादच्याच डोक्यात आलं, की खारं पाणी जड असतं. तीच बाटली काठोकाठ भरून दोन्ही पाण्यांचं वजन करायचं आणि हलकं भरेल त्यात मीठ विरघळवत राहायचं, वजन जुळेपर्यंत. पोषण आहाराच्या तांदळाचा काटा पुन्हा वर्गात आला. मधूनमधून मी दिव्यांकडे बघत होते. सगळे पांढरे. तेवीसच्या तेवीस मुलं चाचपडत होती, आणि इतका सुंदर वर्ग मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तेराव्या दिवशी पुन्हा ताटं मांडली. या वेळी तीन. एकात लाल पाणी, एकात साधं. तिसरं स्वरांगीनं मागून घेतलं: साध्याच पाण्यात खायचा लाल रंग. लाल पाण्यात रंगाखेरीज दुसरंही काही असेल आणि तेच काम करत असेल तर, असं तिचं म्हणणं. म्हणजे जी गोष्ट खरी ठरावी म्हणून ती तेरा दिवस झुरत होती, तिच्यावरच ती शंका घेत होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी छत्री धरून उभी होते.

पाणी लाल कशानं होतं हेही बघायचं ठरलं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला तर त्यात बारीक काड्या वळवळत होत्या. मी शोधून वाचून सांगितलं, की हे सूक्ष्मजीव, यांना मीठच मानवतं. इतक्या खारट पाण्यात दुसरं फारसं काही जगत नाही. त्यांच्या अंगात लाल द्रव्य असतं, म्हणून वाफा लाल दिसतो. निनादनं विचारलं की मग ते मिठात पण असतात का. मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

दीड वाजता तापमापी बुडवली. साधं पाणी सदतीस अंश. लाल चाळीस. रंग घातलेलं एकेचाळीसला टेकलेलं. मग वजनं. साधं ब्याण्णव ग्रॅम आटलं होतं, लाल एकशे अकरा, रंगाचं एकशे सोळा.

मुलं आकडे मोठ्यानं वाचत होती आणि लाल पाणीच लवकर आटतं, असं एकमेकांना सांगत होती. बोलता बोलता निनादच्या कपाळावरचा दिवा नारिंगी झाला. मग त्याच्या शेजारचीचा. मग एकेक करून सगळ्यांचे. यादीत अजून दोनशे चौदावी नोंद गैरसमज म्हणूनच होती, त्यामुळे ज्याला ज्याला समजत होतं तो तो नारिंगी होत होता. स्वरांगीनं मागे वळून वर्गाकडे बघितलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा ती मोकळेपणानं हसली.

पाच मिनिटांत खैरनार सरांचा फोन. अख्खा वर्ग एकाच गैरसमजात एकदम सापडला म्हणून राज्यपातळीवर धोक्याचा इशारा गेला होता, आणि त्यांना घाम फुटला होता. मी काय शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की मी काही शिकवलं नाही, कावळे हाकले. मग नीट सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्यांनी आकडे पुन्हा विचारून लिहून घेतले. मग ते म्हणाले, की अशा वेळी नोंदच तपासायला घेतात, आणि तोवर तिच्याखालचे सगळे शेरे थांबवतात; नियम आहे, पण कधी वापरला नव्हता. दुरुस्तीचा अर्ज मीच भरावा. अर्जात ‘मूळ चूक’ या रकान्यात मी कावळे लिहिले. ‘योग्य माहितीचा स्रोत’ या रकान्यात लिहिलं: हसुराम, मीठ पिकवणारे. पदवी विचारली होती, ती जागा मोकळी सोडली.

एक काम राहिलं होतं. मी हर्षालीला फोन करून बोलावलं. ती धावतच आली, मुलीच्या शेऱ्याचं काही झालं असेल म्हणून. शेरा टळला हे मी आधी सांगितलं. मग म्हटलं, हर्षाली, चूक माझी होती. तुझे वडील बरोबर होते. मी तुझ्याकडून सावलीत प्रयोग करवला.

तिला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ती माझ्याकडेच बघत राहिली. म्हणून मी बोलणं थांबवलं. आयुष्यभर मुलांना सांगत आले तेच करायचं राहिलं होतं. मी तिला अंगणात नेलं. ताटं तिथेच उन्हात होती.

ती उकिडवी बसली. साध्या पाण्यात बोट बुडवलं. मग लाल पाण्यात. पुन्हा साध्या, पुन्हा लाल. स्वरांगीनं आपल्या कपाळाची पट्टी सोडली आणि मागून येऊन आईच्या कपाळाला बांधली. दिवा पांढरा होता.

तिथून आगर दिसतं, वाफ्यांच्या रांगा दिसतात. हर्षाली तिकडे बघत होती. बोट अजून लाल पाण्यात होतं.

“लाल पानी तापलंय,” ती हळूच म्हणाली. “हेच आधी आटनार. बाबा बोलायचा ते बरोबर व्हतं.”

दिवा नारिंगी झाला.

“आई, तुजा पन लागला,” स्वरांगी म्हणाली, आणि पट्टी सोडायला तिनं हात पुढे केला. हर्षालीनं तो हात धरला. तिचे डोळे भरून आले होते.

“ऱ्हाऊ दे गो जरा,” ती म्हणाली.